मोरीचे पाणी आणि गुरांचा घास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण हळदीकुंकू करतो, गाणी म्हणतो आणि बाहेरगावची कोणी विदुषी येऊन दोन शब्द बोलून जाते. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठा विषय मी घेतलेला नाही. आपल्या मोरीतून रोज जे पाणी बाहेर जाते, त्यावर गुरांचा चारा होतो का, आणि होत असेल तर किती होतो, एवढेच सांगणार आहे.

आपला माणदेश म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि तोही लहरी. तरी खिलार जनावर याच मातीतले. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आपण थोरांच्या तोंडून ऐकल्या. २०१२-१३ ची आणि २०१८-१९ ची चारा छावणी मात्र आपल्यापैकी कितीजणींनी अंगावर काढली आहे. २०१९ साली छावणीत मोठ्या जनावरास दिवसाला आधी १५ आणि पुढे १८ किलो हिरवा चारा ठरला होता. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे. ज्यांना छावणीपर्यंत जाता आले नाही त्यांनी गाय बाजारात नेली, आणि दुष्काळात नेलेल्या गाईला मिळेल तो भाव घ्यावा लागतो. दुधाचा पैसा हा घरात बाईच्या हाती येणारा पैसा. गाय गेली की मुलीच्या वह्यांसाठीसुद्धा हात पसरावा लागतो. म्हणून हा विषय केवळ पुरुषमंडळींवर सोडण्यासारखा नाही.

आता हिशेब. सहा माणसांच्या घरात आठ दिवस मी बादल्या मोजल्या. पंधरा लिटरची बादली धरली, तर आंघोळीच्या सहा, कपड्यांच्या पाच, भांडी आणि भाजी धुण्याच्या तीन, अशा चौदा बादल्या रोज मोरीतून जातात. कपड्यांचे सोड्याचे पहिले पाणी दोन बादल्या वगळले. राहिल्या बारा बादल्या, म्हणजे १८० लिटर. चैत्र-वैशाखाच्या उन्हात हत्तीघासाला एका चौरस मीटरला रोज पाचसहा लिटर पाणी लागते. सहा धरले तर तीस चौरस मीटर भिजेल. आपल्या भाषेत अठरा फूट लांब, अठरा फूट रुंद. गुंठ्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही!

बरे, एवढ्यात चारा किती निघेल? चांगली निगा राखली तर हत्तीघासाचा हेक्टरी वर्षाला दीडशे टन चारा मिळतो. त्या मानाने आपल्या तुकड्यात वर्षाला साडेचारशे किलो, म्हणजे रोजचा सव्वा किलो. शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला लागतो. तेव्हा एका घराच्या मोरीवर एक शेळीही पोटभर जगत नाही. ज्या कोणी आपणास सांगतील की सांडपाण्यावर गाय पाळा, त्यांनी बादल्या मोजलेल्या नाहीत असे खुशाल समजावे.

मग हा खटाटोप कशाला? तर तीस घरे एकत्र आली की हाच हिशेब पालटतो. तीस घरांचे रोजचे ५४०० लिटर पाणी, त्यावर नऊ गुंठे जमीन, आणि रोज सदतीस किलो चारा. छावणीच्या मापाने दोन गाई. पण मी तसे वाटणार नाही. नुसत्या कडब्यावरचे जनावर जगते, पण त्याचे दूध आटते. हिरव्या पाल्यातून मिळणारे अ जीवनसत्त्व न मिळाल्याने त्याची नजरही अधू होते. कडब्याबरोबर पाच किलो हिरवा घास मिळाला तरी जनावर धरून राहते. या मापाने सात गाईंना रोज हिरवे मिळेल. सात घरांची गाय बाजारात जाणे टळले तर ते थोडे नव्हे.

काही वडीलधाऱ्या बायकांनी मला विचारले, "अगं, खरकट्या पाण्याचा चारा गाईला घालायचा?" प्रश्न रास्त आहे. पण न्हाणीमागे अळू आणि केळ आपल्या आज्यांनी कोणत्या पाण्यावर वाढविली? त्याच अळूचे फदफदे पंगतीत वाढले, त्याच केळीच्या पानावर नैवेद्य दाखविला. पाणी मातीतून जाऊन पानात येते तेव्हा ते मोरीचे राहात नाही.

मात्र संडासाचे पाणी यात येता कामा नये. त्यातून पट्टकृमीची अंडी चाऱ्यावर आणि चाऱ्यावरून जनावराच्या अंगात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली चाऱ्याच्या पाण्याविषयी नियम केले. त्यांत असे मैल्याचे पाणी आठ-दहा दिवस तळ्यांतून मुरवावे, म्हणजे अंडी तळाशी बसतात, असे सांगितले आहे. ते काम नगरपालिकेचे, आपल्या आवाक्यातले नाही. आपल्या आळीत दोन-चार घरांच्या संडासाच्या टाकीचे पाणी गटारात उतरते. नावे घेत नाही, ज्यांची त्यांना ठाऊक आहेत. ते आधी वेगळे झाले पाहिजे, नाही तर पुढचे सारे व्यर्थ.

दुसरा शत्रू कपड्यांचा सोडा. सोड्याच्या पाण्याने जमीन चोपण होते. वर पांढरे फुटते, पाणी मुरत नाही आणि मग गवतही येत नाही. म्हणून ती दोन बादल्या पाणी बाजूला काढावयाचे. पाण्याच्या वाटेवर मोठे दगड, मग खडी, मग वाळू अशी गाळण करावी. तोंडाशी जाळी बसवावी, म्हणजे भाताची शिते आणि तेलकट मळ तेथेच अडेल. गाळणीपुढच्या चरात कर्दळ लावावी. पाणी साठवू नये. ज्या दिवसाचे त्या दिवशी द्यावे, नाही तर वास सुटतो आणि डास होतात. नांदेड जिल्ह्यात घरोघर शोषखड्डे घेऊन डास हटविले. ते उत्तमच, पण जेथे गवताला जागा आहे तेथे पाणी थेट जमिनीत मुरविण्याआधी गवताला का पाजू नये?

लावावे काय? हत्तीघास. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'फुले जयवंत' वाण आपल्याकडे चांगले येते. दोन डोळ्यांची कांडी तीन फूट व दोन फूट अंतरावर लावली की अठरा फुटांच्या चौकोनात चोपन्न कांड्या बसतात. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढे दर दीड महिन्याने, जमिनीपासून वीतभर सोडून. वाफे निरनिराळे करून ज्याची कापणी जवळ आली त्याचे पाणी आठवडाभर बंद ठेवावे. पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर नव्हे. बांधाला शेवरी लावावी, शेळ्या तिच्यावर जीव टाकतात. लसूणघास पौष्टिक खरा, पण ओला आणि एकटा पोटभर घातला तर पोट फुगते. कोवळी ज्वारी तर नकोच. पाण्याचा ताण बसलेल्या पोंग्यात विष असते आणि उभी गाय आडवी होते. हत्तीघासातही उसाच्या वाढ्याप्रमाणे चुना बांधून ठेवणारा अंश असतो, म्हणून तो कडब्यात मिसळून द्यावा आणि खनिज मिश्रण विसरू नये.

हे वेड माझ्या एकटीचे आहे असे समजू नका. हैदराबादेत मुसी नदीच्या काठची कितीतरी कुटुंबे शहराच्या सांडपाण्यावर पॅरा गवत पिकवून म्हशींच्या गोठ्यांना विकीत आली. पण त्या नदीत कारखान्यांचेही पाणी येते, तेव्हा ते उदाहरण सबंध उचलू नये. त्याहून मला जॉर्डनचे आवडले. पेट्रा म्हणून दगडात कोरलेले जुने शहर आहे, त्याच्या शेजारच्या वादी मुसा गावाचे सांडपाणी शुद्ध करून तेथील कोरड्या रानात लसूणघास आणि फळझाडे केली आहेत. एक मुसी आणि एक मुसा, योगायोग गमतीचा आहे!

आपल्या आळीची गटारे एकाच उताराने ओढ्याकडे जातात आणि ओढ्याअलीकडे पडीक जागा आहे. ती ग्रामपंचायतीकडून तीन वर्षांसाठी मागावी, असा माझा प्रस्ताव आहे. अर्जावर तीसही घरांतल्या बायकांच्या सह्या हव्यात. चारा कोणाच्या गोठ्यात कोणत्या वारी जाईल त्याचा तक्ता अर्जाबरोबरच लिहून काढू. ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांचे पाणी फुकट घेऊ नये. त्यांच्या मुलांना दूध मिळावे.

लावणी महाशिवरात्रीनंतर करू. कांड्या माझ्या परसात आहेत, शंभर-सव्वाशे निघतील. बाकीच्या कोणाकडून आणावयाच्या ते बघावे लागेल. येताना प्रत्येकीने विळा आणावा, माझ्याकडे एकच आहे.