धार वेगळी, टोक वेगळे



मराठी घरात पेन्सिलीला टोक करतात आणि चाकूला धार लावतात. पेन्सिलीला धार लाव असे कोणी म्हटले तर पहिलीतले पोरही हसेल. इंग्रजीला मात्र या दोन कामांत फरक करावासा वाटत नाही. तिथे चाकू शार्प, पेन्सिल शार्प, बुद्धी शार्प, थंडी शार्प, घाटातले वळण शार्प, फोटो शार्प, कुणाचे बोलणे शार्प आणि आठ वाजले तर तेही शार्प. एका शब्दाने इतकी गिऱ्हाइके सांभाळलेली पाहून आपल्याला उगीच न्यूनगंड येतो. त्यांच्याकडे एक शब्द, आपल्याकडे दहा, म्हणजे आपली भाषा पसरट, अशी समजूत होते. मग पाठ्यपुस्तके आणि परिभाषा करणारी मंडळी ‘तीक्ष्ण’ किंवा ‘तीव्र’ असा एखादा संस्कृत शब्द इंग्रजी शब्दाच्या जागी उभा करतात, आणि चाकूही तीक्ष्ण, सुईही तीक्ष्ण, नजरही तीक्ष्ण होऊन बसते. माझे म्हणणे असे की भाषा तीक्ष्णपणाची वाटणी वस्तूच्या कामावरून करते, आणि जो भाषांतरकार हे काम न विचारता शब्द निवडतो तो चूक करतो. कधी ती चूक हसण्यावारी नेता येते, कधी नाही.

हे तपासायला दोन भाषा पुरत नाहीत. इंग्रजी आणि मराठी समोरासमोर ठेवल्या की आपण एकीला मापदंड मानतो आणि दुसरीला माल. म्हणून तिसरी भाषा घेऊ, ग्रीक. निवड लहरीची नाही, कारण ऑक्सिजनपासून लघुकोनापर्यंत शाळेत शिकलेल्या बऱ्याच कल्पना किंवा त्यांची नावे मूळ तिथली आहेत. इंग्रजी ‘शार्प’ आजच्या ग्रीकमध्ये न्यायला बसलेल्या माणसाची अडचण आपल्यासारखीच असते. चाकूसाठी त्याला ‘कोफ्तेरोस’ लागतो, म्हणजे कापणारा. टोकासाठी ‘मितेरोस’ लागतो, आणि त्यात ‘मीती’ म्हणजे नाक आहे. चाकू दगडावर घासायचा तर क्रियापद ‘आकोनीझो’, पेन्सिलीला टोक करायचे तर ‘क्सीनो’, म्हणजे खरवडणे. आपले टोकयंत्र त्यांची ‘क्सीस्त्रा’, खरवडणी. मिरची तिखट असेल तर ‘काफ्तेरोस’, जाळणारी. कोफ्तेरोस आणि काफ्तेरोस यांत फरक एका स्वराचा, पण अथेन्सच्या बाजारात सुरी मागताना तो स्वर चुकवून चालणार नाही. घाटातल्या वळणाला ‘आपोतोमोस’ म्हणतात, म्हणजे कापून टाकल्यासारखे, आणि गंमत अशी की तुसड्या माणसालाही तोच शब्द. आपल्याकडे कडा तुटलेला असतो आणि उत्तर तुटक. बुलढाण्याच्या राजूर घाटातले वळण आणि कचेरीतले उत्तर यांना जोडणारा धागा मराठीला आणि ग्रीकला स्वतंत्रपणे सापडला, तो इंग्रजीकडून आलेला नाही. बोचऱ्या थंडीलाही ग्रीक माणूस डसणारी, चरचरणारी अशाच अर्थाचे विशेषण लावतो. तेव्हा दहा शब्द असणे ही काही मराठीची खोड नव्हे. एकाच शब्दावर सगळे भागवणे हीच इंग्रजीची लकब आहे.

आता धारेकडे जरा जवळून पाहू, कारण मराठीचा खरा ऐवज तिथे आहे. सोयाबीनची सोंगणी तोंडावर आली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय नि घाटाखाली काय, विळे बाहेर निघतात. वऱ्हाडीत म्हणायचे तर इळे. पात्याची कड झिजून जाड झाली असेल तर नुसते दगडावर घासून भागत नाही. लोहार ती कड भट्टीत लाल करतो, ऐरणीवर ठोकून पातळ करतो, मग तिला पाणी देतो. पाणी देण्यातच सगळी कसोटी असते. जास्त कडक झाली तर कडेला खांडे पडतात, मऊ राहिली तर पहिल्याच काकरीला धार वळते. त्यानंतर दगडावर पाजवणे. इथे शब्दांकडे लक्ष द्या. पोलादाला पाणी देतात, विळा पाजवतात, आणि जी तयार होते तिला धार म्हणतात, म्हणजे जो शब्द आपण गाईच्या कासेतून भांड्यात पडणाऱ्या दुधाला आणि पागोळीच्या पाण्याला वापरतो तोच. व्युत्पत्ती एक असो वा दोन, मराठी कानाला पाते पाणी पिते आणि त्यातून धार निघते. सुश्रुतसंहितेत शस्त्रांना पाणी देण्याच्या क्रियेला ‘पायना’ म्हटले आहे आणि तिचे तीन प्रकार सांगितले आहेत, क्षारातली, पाण्यातली आणि तेलातली. कुठले शस्त्र काय कापणार त्यावरून प्रकार ठरतो. धार किती बारीक हवी तेही तिथे कामावरूनच आहे. भेदायच्या शस्त्राची धार मसुरीच्या डाळीएवढी, खरवडण्याच्या शस्त्राची तिच्या निम्मी, टोचायच्या शस्त्राची केसाएवढी आणि छेदायच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी. ‘अतिशय तीक्ष्ण’ असे सरसकट विशेषण त्या वैद्याला पुरले नाही, कारण उद्या त्याला त्याच शस्त्राने माणूस कापायचा होता.

ग्रीक पाते मात्र पीत नाही, खाते. प्राचीन ग्रीकमध्ये शस्त्राच्या धारेला ‘स्तोमा’, म्हणजे तोंड, म्हणत आणि पाणी दिलेल्या लोखंडाला त्याच मुळापासून ‘स्तोमोमा’. नव्या करारात दुधारी तलवारीला ‘दिस्तोमोस’, दोन तोंडांची, हे विशेषण आहे. तिचा तीक्ष्णपणा सांगताना हिब्रूंना लिहिलेल्या पत्रात कापण्याच्या धातूपासून बनलेला शब्द येतो आणि प्रकटीकरणात ‘ओक्सीस’ येतो. इंग्रजी भाषांतरात दोन्हीकडे ‘शार्प’. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीने 1811 मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर छापले, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये पुरे छापून निघाले. इंग्रजीवरून भाषांतर करणे सोपे असताना रमाबाई मुळाकडे गेल्या, ती नुसती विद्वत्तेची हौस नव्हती. इंग्रजीने दोन शब्दांची एक मोट बांधलेली असेल तर तिच्यावरून भाषांतर करणाऱ्याला मोटेत काय काय होते हे कळतच नाही. ‘दुधारी’ हा शब्द मराठीत तयारच होता. दोन तोंडांची तलवार असे शब्दशः करून आपल्याला काही मिळाले नसते. (जाता जाता: याच ‘तोंडा’पासून आजच्या ग्रीकमध्ये जे क्रियापद चालते त्याचा रोजचा अर्थ पाते बोथट होणे असा झाला आहे. पाजवणे म्हणता म्हणता बोथटणे. शब्दांनाही असे उलटे पाणी चढते.)

यावर पहिला आक्षेप ग्रीकच्याच बाजूने येईल. ‘ओक्सीस’ हा एकच शब्द कोनाला, आवाजाला, चवीला, रोगाला, सगळ्यांना लावत होते की, मग मराठीने एक ‘तीक्ष्ण’ वापरला तर बिघडले कुठे? आक्षेप खरा आहे, पण त्याची पाळेमुळे पाहावीत. ग्रीक माणसाने तो शब्द कुठल्या कोशातून उतरवला नव्हता. तो त्याच्या जिभेवरून पसरला. जिभेला टोचणारी चव त्याच्या लेखी आंबट, म्हणून व्हिनेगर ‘ओक्सोस’ आणि आजही ‘क्सीदी’. त्यावरून आम्ल म्हणजे ‘ओक्सी’, आणि लाव्हाझिएने अठराव्या शतकात एका वायूला नाव दिले ‘आम्ल घडवणारा’, ऑक्सिजन. आपल्या जिभेचा तीक्ष्णपणा मात्र वेगळ्या वाटेने गेला. तीक्ष्णाचे प्राकृत झाले तिक्ख, त्याचे तीख आणि तिखट. जुन्या मराठीत पोलादालाही ‘तिखे’ म्हणत. पोलाद आणि ठेचा एका घरचे, आंबट शेजारच्या घरचे. म्हणून आम्लाला मराठीत टोक नाही आणि ते असायचे कारणही नाही. आणि ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ म्हणणाऱ्यांनी ग्रीक नावाचा अर्थ आणला नाही हे भाग्यच म्हणायचे, कारण तो अर्थ चुकीचा निघाला. 1810 मध्ये हंफ्री डेव्हीने दाखवून दिले की मिठाच्या आम्लात ऑक्सिजन नाहीच. ग्रीक मुलाला आजही ती चूक नावात वागवावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शास्त्राला नेमके, एकसारखे शब्द लागतात. लोहाराच्या भट्टीवर परिभाषा घडत नसते. बरोबर, आणि ‘लघुकोन’ हे त्याचे उत्तम उदाहरण. युक्लिडचा कोन तीक्ष्ण किंवा बोथट होता, लॅटिन आणि इंग्रजीने तेच चालवले, अरबीतही तो तीक्ष्णच. मराठीने टोक सोडून लघुकोन आणि विशालकोन केले, हिंदीने न्यूनकोण आणि अधिककोण. काहींना यात काव्य हरवल्यासारखे वाटते. मला वाटत नाही, कारण खुद्द युक्लिडची व्याख्या टोचण्याची नाही, मोजण्याची आहे: काटकोनापेक्षा लहान तो एक, मोठा तो दुसरा. नावापेक्षा व्याख्या भाषांतरित केली, हे शहाणपणाचे झाले. शिवाय हरवलेले टोक भूमितीतच दुसरीकडे सापडते. ‘चौरस’ आला चतुरश्रावरून, आणि त्यातला ‘अश्रि’, म्हणजे कड किंवा कोपरा, हा ग्रीक ‘आक्रोस’ आणि लॅटिन ‘आकेर’ यांचा सख्खा भाऊबंद. तेव्हा परिभाषेविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती शब्द पाहून शब्द ठेवण्याविरुद्ध.

त्याने काय होते ते रोगाच्या नावात पाहा. ग्रीक वैद्य काही रोगांना ‘ओक्सीस’ म्हणत, कारण त्या शब्दाचा एक अर्थ वेगवान असाही आहे. झटकन येणारे, थोड्या दिवसांत निकाल लावणारे ते रोग. इंग्रजीतला ‘अक्यूट’ त्या अर्थाने आजही वैद्यकात आहे. त्याचा विरोधी शब्द ‘सौम्य’ नसून ‘जुनाट’ आहे. आपण त्याला ‘तीव्र’ म्हटले. ‘सिव्हिअर’लाही तीव्रच म्हटले. मग कुपोषणाच्या तक्त्यात दोन्ही एकदम आले तेव्हा ‘अतितीव्र कुपोषण’ झाले आणि त्याखालच्या पायरीला ‘मध्यम तीव्र’. मध्यम आणि तीव्र एका दमात! अशा जोडीलाच ग्रीक शब्दांवरून ऑक्सिमोरॉन म्हणतात, तीक्ष्ण आणि मंद एका शब्दात. हसू येते, पण हा तक्ता जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या डोंगरपायथ्याच्या गावांतल्या अंगणवाडीतही भरला जातो. त्यात सांगायचे एवढेच आहे की मूल थोड्या काळात झपाट्याने वाळले आहे, उंचीच्या मानाने वजन घसरले आहे, म्हणून आत्ता धावले पाहिजे. फार दिवस अन्न कमी पडून उंचीच थांबली असेल तर ती गोष्ट वेगळी आणि उपायही वेगळा. गावातल्या आजीला हा फरक ‘तीव्र’वरून कळणार नाही. ‘रोडावलेले’ आणि ‘खुंटलेले’ म्हटले तर लगेच कळेल, कारण ते तिचेच शब्द आहेत आणि ते रोग काय करतो हे सांगतात.

कोणी म्हणेल, बोलीतले शब्द गावागणिक बदलतात, बुलढाण्याचा शब्द कोल्हापूरला कसा चालेल? बदलतात खरे, इळा आणि विळा इतके, किंवा त्याहून जास्तही. पण धार, टोक, अणी, बोथट, बोचरे, रोडावणे हे शब्द कुठल्याही जिल्ह्याच्या मालकीचे नाहीत. मोल्सवर्थने 1831 मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला आणि त्याने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश कॅंडीने 1847 मध्ये पुरा केला. आपली परिभाषा ज्या पायावर उभी आहे तो पायाच बोलणाऱ्या माणसांकडून गोळा केलेल्या शब्दांचा आहे. शिवाय फरक टिकवायला नवे शब्द घडवावे लागत नाहीत. बोथटपणाच्या बाबतीत मराठी स्वतःच उदार आहे. चाकू बोथट, भाला बोथट, भावनाही बोथट, तिथे एक शब्द पुरतो. म्हणजे जिथे कामच संपले तिथे वाटणीही संपली. जिथे काम चालू आहे तिथे धार वेगळी आणि टोक वेगळे.

तेव्हा उद्या घरी मुलांच्या पुस्तकात ‘तीक्ष्ण चाकू’ छापलेला दिसला, तर तेवढा एक शब्द पेन्सिलीने खोडा आणि वर ‘धारदार’ लिहा. पेन्सिलीला आधी टोक मात्र करून घ्या.