जुन्या पेठेचें पुनरुज्जीवन
(ज्युबिली-समारंभांतील भाषण)



ह्या मंगल प्रसंगीं पैठणच्या जुन्या पेठेविषयीं चार शब्द बोलावेत असें आम्हांस वाटतें. हें सातवाहनांचें प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक ग्रंथांत, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरील व्यापारी नगर म्हणून ह्याचा उल्लेख आहे. राज्य लयास गेलें, तरी मागाची कीर्ति मागें राहिली.

१९६५ सालीं लालबहादुर शास्त्रींनीं जायकवाडी धरणाचा पाया घातला. १९७६ सालीं तें पुरें झालें. पाणी आलें, उद्यान झालें, कारखाने उभे राहिले. परंतु हें सारें जुन्या गांवाबाहेर. नाथषष्ठीस लाखों यात्रेकरू येतात आणि दर्शन घेऊन परततात. पैठणी पैठणच्या नांवानें जगभर मिरवते, पण तिचे बहुतेक माग आज येवल्यास आहेत. तेथें घरांतच माग चालतो, आणि गिऱ्हाईक विणकराच्या दारीं जातें. त्या गांवाची बरकत ह्यांतच आहे.

वेशी रंगविल्यानें व दिवे लावल्यानें पेठ जिवंत होत नाहीं. तेथें राहून पोट भरतां आलें पाहिजे. म्हणून आमची विनंती अशी कीं, ज्यांचें जुनें घर कुलूपबंद असेल त्यांनीं तें माफक भाड्यानें कारागिरास द्यावें. मुलामुलींस मागावर बसूं द्यावें. आणि लग्नाची पैठणी विणणाऱ्याच्या हातूनच घ्यावी. प्रतिष्ठान म्हणजे स्थिर पाया. तो पाया दगडांचा नसून माणसांचा आहे. परमेश्वर आपल्या हातांस यश देवो.