कापूस, किनारा आणि कॅमेरा

यवतमाळ जिल्ह्यांतील कोणत्याहि टेकडीवर उभें राहून चहूंकडे दृष्टि टाकिली, तरी समुद्र दिसावयाचा नाहीं. एका बाजूस वर्धा, दुसऱ्या बाजूस पैनगंगा आणि मध्यें कापसाची काळी जमीन, असा हा प्रदेश किनाऱ्यापासून शेंकडों किलोमीटर दूर आहे. तेव्हां समुद्रकांठच्या नगराचें विस्तृत छायाचित्र आणि त्या नगरांतील उघड्यावरचे पुतळे, हा विषय यवतमाळच्या श्रोत्यांस परका वाटल्यास नवल नाहीं. परंतु मुंबईच्या जुन्या विस्तृत छायाचित्रांशीं ह्या जिल्ह्याचें नातें फार दिवसांचें आहे. तें नातें कापसाचें आहे. आणि चित्रांत तें सहसा दिसत नाहीं, म्हणूनच सांगण्याजोगें आहे.

अफाट देखावा एकाच चित्रांत सांठविण्याची हौस छायाचित्रकलेहूनहि जुनी आहे. रॉबर्ट बार्कर नांवाच्या चित्रकारानें १७८७ सालीं अशा चित्राचें पेटंट घेतलें. गोल इमारतीच्या आंतल्या भिंतीवर सलग रंगविलेला देखावा आणि मध्यभागीं उभा असलेला प्रेक्षक, अशी त्याची योजना होती. प्रेक्षक जिकडे वळेल तिकडे नगर पुढें चालूच राही. ह्या प्रकारास ‘पॅनोरमा’ हें नांव मिळालें. ‘सर्व’ आणि ‘दृश्य’ ह्या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून तें बनविलेलें आहे. पुढें १८३९ सालीं दागेर ह्याची छायाचित्रणाची रीत फ्रान्समध्यें जाहीर झाली. आणि १८४५ च्या सुमारास फॉन मार्टेन्स ह्यानें फिरत्या भिंगाचा कॅमेरा करून पॅरिसचा सुमारें १५० अंशांचा देखावा एका वक्र पत्र्यावर उतरविला.

तथापि फिरत्या भिंगाचा कॅमेरा दुर्मिळ होता. सामान्य छायाचित्रकाराची रीत निराळी असे. तिवईवर कॅमेरा ठेवून एक कांच घ्यावयाची, कॅमेरा थोडा वळवून दुसरी, मग तिसरी, आणि शेवटीं सर्व छापे कडेला कड जुळवून एका लांब पुठ्ठ्यावर चिकटवावयाचे. १८५७ च्या उठावानंतर फेलिचे बेआतो ह्यानें १८५८ सालीं लखनौ व दिल्ली ह्या शहरांचीं जीं विस्तृत चित्रें घेतलीं, तीं अशींच अनेक तुकडे जोडून केलेलीं आहेत. मुंबईंत तर १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे वैद्यकाचा व्यवसाय करीत असतांना ह्या कलेंतहि निपुण झाले आणि सोसायटीच्या कामांत त्यांनीं भाग घेतला.

त्या काळच्या कांचेवर काय असे, हें कापसाच्या मुलखांत मुद्दाम सांगितलें पाहिजे. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्यानें कोलोडियनची रीत प्रसिद्ध केली. कापूस तीव्र अम्लांत भिजवून त्याचा ‘गनकॉटन’ नांवाचा भडकून पेटणारा पदार्थ करावयाचा, आणि तो ईथर व मद्यार्क ह्यांत विरघळवून त्याचा चिकट रस कांचेवर पसरावयाचा. प्रकाश टिपणारे रुप्याचे क्षार ह्या पातळ पापुद्र्यांत धरलेले असत. पुढें आलेली लवचिक फिल्महि दीर्घकाळ कापसाच्याच तंतूंपासून होत असे, आणि तिच्या कामीं सरकीवर उरलेली बारीक लव उपयोगी पडे. सारांश, शेतांतलें बोंड एका रूपानें गिरणींत गेलें आणि दुसऱ्या रूपानें कॅमेऱ्यांत.

ही कांच ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावी लागे, आणि ती सुकण्यापूर्वीं धुवून चित्र पक्कें करावें लागे. सर्व मिळून हातीं पांच-दहा मिनिटांचा अवकाश. म्हणून छायाचित्रकार आपल्याबरोबर काळोखाची राहुटी, औषधांच्या बाटल्या आणि पाणी घेऊनच टेकडी चढे. समुद्रकिनाऱ्यावर हें काम विशेष अवघड होतें. डोंगराळ देखाव्यांत कॅमेरा किंचित् कलला तर तें लक्षांत येत नाहीं. परंतु समुद्राचें क्षितिज ही सरळ रेघ आहे. एक कांच जरा वर, दुसरी जरा खालीं झाली, कीं जोडलेल्या चित्रांत समुद्राला पायऱ्या पडतात. शिवाय कॅमेरा भिंगाच्या जागेवरच फिरला पाहिजे. तो तिवईवर पुढें-मागें सरकला तर जवळचा खांब आणि दूरचें गलबत ह्यांचा मेळ बसत नाहीं. एक कांच आणि दुसरी कांच ह्यांच्या दरम्यान भरतीचें पाणी चढतें, गलबतें जागा सोडतात, आणि एकच शीड चित्रांत दोनदां उमटतें किंवा मधोमध तुटतें. पाण्यावर लाटा नसून धुक्याचा थर पसरल्यासारखें दिसतें, कारण प्रकाश कांहीं सेकंद आंत घ्यावा लागे. आकाश कोरें पांढरें येतें, कारण ती कांच निळ्या रंगाला अति हळवी होती.

ह्या कांहीं सेकंदांचा आणखी एक परिणाम आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा होय. जें स्थिर आहे तें स्पष्ट उमटतें; जें हालतें तें पुसट होतें किंवा अजिबात नाहींसें होतें. म्हणून त्या वेळच्या छायाचित्रांत गजबजलेले रस्ते ओस पडल्यासारखे दिसतात. इमारतींचे कोपरे धारदार, पुतळ्याच्या वस्त्राची चुणीसुद्धां ठळक. पण डोक्यावर ओझें घेऊन चालणारा हमाल कोठेंच नाहीं.

आतां तें नगर कोणत्या धनावर उभें राहिलें तें पाहावें. १८५३ च्या करारानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. त्याच्या कापसाच्या जमिनीवर त्यांची दृष्टि होती. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, तेथील कापूस इंग्लंडांत येईनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाकडे वळावें लागलें. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. त्याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्याच्या कारकीर्दींत जुन्या कोटाचे तट पाडण्यांत आले आणि शहर मोकळें झालें. बॅक बे येथील समुद्र हटवून जमीन करण्यासाठीं निघालेल्या कंपनीच्या शेअरांवर लोकांनीं वेड्यासारख्या उड्या घातल्या. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. कापूस व शेअर ह्यांच्या व्यापारांत अग्रेसर असलेले प्रेमचंद रायचंद हेहि त्या आपत्तींत सांपडले. परंतु विद्यापीठास त्यांनीं दिलेल्या देणगींतून त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई टॉवर १८६९ ते १८७८ ह्या काळांत उभा राहिला. सुमारें २८० फूट उंचीचा हा मनोरा पुढें छायाचित्रकारांना आयतीच टेकडी झाला. वऱ्हाडच्या कापसाचा वांटा असलेल्या धनानें बांधलेल्या मनोऱ्यावरून, कापसाच्या पापुद्र्यावर, त्या नगराचें चित्र उतरूं लागलें.

हा कापूस मुंबईस कसा पोंचे? आगगाडीपूर्वीं बंजाऱ्यांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरापर्यंत गेला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळीं वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ सालीं त्यास यवतमाळ हें नांव मिळालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं यवतमाळहून मूर्तिजापुरापर्यंत अडीच फुटी अरुंद मार्ग झाला. पुढें लोकांनीं जिला ‘शकुंतला’ म्हटलें तीच ही गाडी. तिनें रुईच्या गांठी मुख्य मार्गावर नेऊन पोंचविल्या. ह्या गांठी मुंबईंत कुलाब्याच्या ‘कॉटन ग्रीन’ वर रचल्या जात. १९२० नंतरच्या दशकांत तो बाजार शिवडीकडे हलला, आणि नांवहि आपल्याबरोबर घेऊन गेला.

जुन्या छायाचित्रांवर पुष्कळदां साल नसतें. तें ओळखण्यास किनारा आणि उघड्यावरचीं शिल्पें हींच पंचांगाप्रमाणें उपयोगीं पडतात. फोर्टचा देखावा पूर्ण असून राजाबाई टॉवर नसेल, तर चित्र १८७८ पूर्वींचें. जुन्या चर्चगेटच्या जागीं फ्लोरा फाउंटन दिसत असेल, तर १८६४ नंतरचें. त्याची रचना रिचर्ड नॉर्मन शॉ ह्याची आणि मूर्तिकाम जेम्स फोर्सिथ ह्याचें. अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडियाची ८५ फुटी कमान उभी असेल, तर चित्र विसाव्या शतकांतलें. जॉर्ज विटेट ह्यानें योजिलेल्या ह्या कमानीचें उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजीं झालें. काळ्या दगडी घोड्याचें नांव ज्या भागास मिळालें असें पुष्कळांस वाटतें, तो काळा घोडा वस्तुतः ब्राँझचा होता. एडवर्ड राजपुत्राचा हा अश्वारूढ पुतळा बोएम ह्या शिल्पकारानें घडविला, सर आल्बर्ट ससून ह्यांनीं तो शहरास दिला, आणि १८७९ पासून १९६५ पर्यंत तो त्या चौकांत होता. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेंत आहे. त्याच्या जुन्या भागांत २०१७ सालीं स्वार नसलेला नवा घोडा बसविण्यांत आला. घोड्यावर स्वार आहे कीं नाहीं, एवढ्यावरूनहि काळ सांगतां येतो.

किनाऱ्याची रेघ तर ह्याहून बोलकी आहे. मलबार टेकडीवरून घेतलेल्या जुन्या चित्रांत बॅक बेच्या वाळूलगत कुलाब्यास जाणारी आगगाडी दिसते. तें कुलाबा स्टेशन १९३० च्या अखेरीस बंद झालें. त्यानंतरच्या चित्रांत भरणीवरची मरीन ड्राइव्हची कमानदार वाट आणि तिच्या कांठचीं गोलाकार सज्ज्यांचीं घरें येतात. गॉथिक आणि आर्ट डेको अशा ह्या दोन पद्धतींच्या इमारतींचा समूह २०१८ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशांत गेला. २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें खुला झालेल्या किनारी रस्त्यानें ती रेघ पुन्हां बदलली आहे. येथें एक सावधगिरी हवी. फिरत्या भिंगाच्या चित्रांत सरळ धक्का धनुष्यासारखा वांकतो, आणि कॅमेरा कमानीच्या मध्यबिंदूजवळ असेल तर वांकडा किनारा सरळ होतो. विस्तृत चित्र सर्व कांहीं दाखवितें, पण त्याचा आकार जसाच्या तसा दाखवितेंच असें नाहीं.

पुढें यंत्रें सुधारलीं. १८९९ सालीं कोडॅकचा ‘पॅनोरम’ आला. काही वर्षांनीं सर्वांगानें फिरणारा ‘सर्कट’ कॅमेरा निघाला. त्याच्यापुढें शाळेच्या मुलांची रांग बसविली, तर एखादा खोडकर मुलगा कॅमेऱ्याच्या मागून धांवत जाऊन दुसऱ्या टोकासहि हजर होई. आज हें काम खिशांतला मोबाइल करतो, तरी चालती बस अजून मधोमध कापली जाते.

ज्यांना जुन्या कांचेनें पुसून टाकिलें, त्यांचें पुढें काय झालें? १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें आणि मुंबई ही यवतमाळचीहि राजधानी म्हणून कायम झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत प्राण गेलेल्यांचें स्मारक फ्लोरा फाउंटनच्या शेजारीं उभें राहिलें. हातीं मशाल घेतलेला कामगार आणि शेतकरी, अशी ती जोडी आहे. त्या चौकाचें कोणतेंहि विस्तृत छायाचित्र आज घेतलें, तर रोमन पुष्पदेवतेच्या बाजूस शेतकरी दिसतो. प्रकाश कितीहि वेळ आंत घेतला तरी तो पुसला जात नाहीं, कारण आतां तोहि दगडांत स्थिर आहे. ज्याच्या मालानें नगर वाढलें, तो चित्रांत यावयास सुमारें शंभर वर्षें लागलीं.

मात्र दगडाचा शेतकरी दिसला म्हणजे हाडामांसाच्या शेतकऱ्याची नोंद झाली, असें मानूं नये. हंगामांत यवतमाळ, वणी किंवा पांढरकवडा येथील कापसाच्या बाजारांत गाड्यांची रांग लागते, जिनांच्या आवारांत रुईचे ढीग उठतात, शेतांत वेचणी चालते. हा देखावा समुद्राइतकाच विस्तृत आहे, आणि मुंबईच्या किनाऱ्याप्रमाणेंच तोहि झपाट्यानें बदलत आहे. तरुणांनीं दरवर्षीं एकाच दिवशीं, एकाच उंचवट्यावरून त्याचें चित्र घ्यावें. यंत्र सपाट धरावें, अंग यंत्राभोंवतीं वळवावें, घाई करूं नये. चित्राबरोबर गांव, तारीख आणि उभें राहिल्याची जागा लिहून ठेवावी. आणि वेचणाऱ्या बाया किंवा गांठ उचलणारे हमाल दृष्टीच्या टप्प्यांत असतील, तर त्यांना वगळून कॅमेरा इमारतीकडे वळवूं नये. आजचें भिंग क्षणाच्या अंशांत चित्र घेतें. चालत्या माणसाला तें पुसून टाकीत नाहीं. तें कोणाकडे रोखावयाचें, एवढेंच काम हातांकडे उरलें आहे.