चोप : सरहद्दीवरचे जंक्शन

युक्रेनच्या पश्चिम टोकास, टिसा नदीच्या सपाट खोऱ्यात, जेथे हंगेरी आणि स्लोव्हाकिया या दोन्ही देशांच्या सरहद्दी जवळ येतात, तेथे चोप हे लहानसे शहर वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहमार्ग आला आणि या खेड्याचे भाग्य पालटले; परंतु ऑस्ट्रिया-हंगेरीचा अंमल संपल्यावर, १९२० च्या तहान्वये चेकोस्लोव्हाकिया, १९३८ साली पुन्हा हंगेरी, महायुद्धानंतर सोव्हिएत संघ आणि १९९१ पासून स्वतंत्र युक्रेन, अशा सत्तांचा अंमल येथील रयतेने, गाव न सोडताच, एकाच शतकात अनुभवला, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. येथे १५२० मिलिमीटर अंतराचे रूळ युरोपच्या १४३५ मिलिमीटर रुळांस भेटतात. म्हणून सरहद्द ओलांडणाऱ्या कित्येक डब्यांची चाके आजही येथेच बदलली जातात.