मोठी जोड आणि खरी कुस्ती

श्रोतेहो, जत्रेतला कुस्त्यांचा फड आठवा. आधी रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्या होतात. हलगी कडाडते, पोरं पटात शिरतात, घटकाभरात एकाची पाठ मातीला लागते. मग ऊन कलल्यावर एक नंबरची जोड आत येते. याच जोडीसाठी गावानं वर्गणी काढलेली असते. शड्डू घुमतात, सलामी होते, आणि पुढं अर्धा तास नुसती खडाखडी! शेवटी पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. लोक ओरडतात, "नुरा! नुरा कुस्ती!"

नामांकित मल्ल मोठ्या कुस्तीत खरोखरच हात राखून लढतात का? काही वेळा दोघे आधीच ठरवून येतात; इनाम वाटून घ्यायचं आणि दोघांचं नाव राखायचं. ही उघड लबाडी आहे. पण प्रत्येक बरोबरीला नुरा म्हणणं न्यायाचं होणार नाही.

१९१० सालची लंडनची कुस्ती पाहा. एका बाजूला आपल्याकडचा गामा, दुसऱ्या बाजूला पोलंडचा धिप्पाड झबिस्को. नियम असा की, दोन्ही खांदे गादीला टेकल्याशिवाय हार नाही. गामाचा जोर पाहून झबिस्को पोटावर पालथा पडला, तो जवळजवळ शेवटपर्यंत तसाच. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलटवायला झटला. कुस्ती निकालाविना थांबली. आठवड्यानं पुन्हा कुस्ती ठरली, तेव्हा झबिस्को आलाच नाही; विजय गामाला मिळाला.

आता सांगा, झबिस्कोनं ताकद लावली नाही का? गामाच्या अंगाखाली अडीच तास टिकणं हे काही आळशाचं काम नव्हे. त्यानं ताकद लावली, पण ती जिंकण्यासाठी नव्हे, न हरण्यासाठी. पुढं १९२८ साली पतियाळात हीच जोड पुन्हा लागली. दोघेही पन्नाशीच्या आसपास होते. या वेळी गामानं एका मिनिटाच्या आतच झबिस्कोला चीत केलं.

न हरण्यासाठी लढण्याचा मोह मोठ्या मल्लालाच अधिक. नवखा पोरगा हरला तर एक कुस्ती हरतो. नामांकित मल्ल हरला तर पुढच्या जत्रांची बोलावणी कमी होतात, इनामाचा आकडा उतरतो. खांदा निखळला, गुडघा दुखावला, तर सारा हंगाम बुडाला. आणि दूध, तूप, बदामाचा खर्च काही थांबत नाही. तेव्हा तो जपून खेळतो. शिक्षकबंधूंना हे नवं नाही. पहिल्या नंबरचा मुलगा पुष्कळदा अवघड गणिताला हातच लावत नाही. नंबर जाईल ही भीती!

मग उपाय काय? नुसती हुर्यो उडवून मल्ल बदलत नाही. नियम बदलला की त्याचा हिशोब बदलतो. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ पासूनची. आज तिच्यात चितपट झाली नाही तर गुणांवर निकाल लागतो. अंग चोरून खेळणाऱ्याला पंच ताकीद देतात, प्रतिस्पर्ध्याला गुण मिळू शकतो. गुणांच्या कुस्तीतही खोट आहेच; एका गुणाची आघाडी घेऊन कडेकडेनं वेळ काढणारे असतातच. तरी दोघांनी मिळून काहीच न करण्यात फायदा उरत नाही.

जत्रा कमिटीलाही एवढं करता येईल. वेळ आधी जाहीर करावी. वेळ संपल्यावर गुणांवर निकाल द्यावा. बरोबरी झालीच तर पूर्ण इनाम देऊ नये. आणि हे सारं जोड ठरवतानाच मल्लाच्या वस्तादांना स्पष्ट सांगावं. मागाहून फडात वाद नको.

आणि शिक्षकांनी मुलांना फडावर जरूर न्यावं. शड्डूचा आवाज मोजू नका म्हणावं. पट काढायला आधी कोण झेपावलं, सुटलेली पकड पुन्हा धरायला कोण धडपडलं, ते पाहा. रेवड्यांच्या कुस्तीत ही धडपड पोरांच्या अंगी असतेच. नाव झाल्यावरही ज्याच्या अंगी ती उरते, त्याला वर्गणीतलं इनाम आनंदानं द्यावं. मग तो त्या दिवशी हरला तरी चालेल.