हिरव्या ठिपक्यापलीकडे



पाकीट हाती आले की आम्हा जैनांच्या घरात आधी हिरवा ठिपका शोधतात. पाटी कोणत्या लिपीत असावी यावरून किती रणे माजतात, हे आपण सीमाभागातली माणसे चांगले जाणतो. ठिपक्याला लिपी नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीलाही तो कळतो.

पण तो सांगतो किती? पदार्थ शाकाहारी आहे, एवढेच. साखर शाकाहारी, मीठ शाकाहारी, वनस्पती तूपही शाकाहारी! बाकीचा मजकूर पाकिटामागे, बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने यावर उपाय केला. तिथले तेव्हाचे सेनेटर गिदो हिरार्दी मूळचे डॉक्टर. त्यांनी पुढाकार घेतलेले विधेयक 2007 चे. कंपन्यांचा विरोध पार करून 2012 साली कायदा झाला आणि जून 2016 पासून अंमल सुरू झाला. साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा कॅलरी मर्यादेबाहेर असल्या, तर पाकिटाच्या दर्शनी बाजूला काळा अष्टकोन छापायचा. दोष जितके, तितके अष्टकोन. मर्यादा टप्प्याटप्प्याने कडक झाली. 2019 पासून साखर घातलेल्या 100 ग्रॅम पदार्थात 10 ग्रॅमहून जास्त साखर असली की अष्टकोन आलाच. असे पदार्थ शाळेत विकायचे नाहीत, खोक्यावर मुलांना भुलवणारी कार्टून चित्रेही छापायची नाहीत. पहिल्या दीड वर्षात गोड पेयांची खरेदी सुमारे 24 टक्क्यांनी घटली. अष्टकोन टाळण्यासाठी कंपन्यांनी कित्येक पदार्थांतली साखर आणि मीठही कमी केले.

आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर 2022 मध्ये मसुदा काढला, तो ताऱ्यांचा: अर्ध्यापासून पाचापर्यंत. साखरेचे गुण वजा करायचे, तंतू आणि प्रथिनांचे मिळवायचे. म्हणजे गोड बिस्किटात थोडा कोंडा घातला की तारा वाढण्याची सोय. दोन तारे पाहून नातू म्हणेल, ‘आजोबा, दोन मिळालेत की!’ तारा शाबासकी देतो. इथे हवा आहे इशारा.

माझ्या दवाखान्यात मधुमेहाचे रुग्ण पूर्वी पन्नाशीचे येत, आता तिशीचे येतात. औषध देणे माझे काम आहेच. पण पाकिटावर काय छापावे, हे सांगणे तुम्हा-आम्हा सर्वांचे काम आहे. मसुद्यांवर सरकार हरकती मागवते. कंपन्या त्या वेळेवर पाठवतात. आपणही पाठवू या, मराठीतून का होईना. हिरवा ठिपका सक्तीचा होऊ शकला, तर त्याच्या शेजारी काळी खूणही येऊ शकते.