केलेले काम सांगताना



रायपूरच्या मराठी घरातील मुलगा नोकरीच्या मुलाखतीला निघतो तेव्हा त्याच्याजवळ गुणपत्रिका असतात, प्रमाणपत्रे असतात आणि आईने हातावर घातलेले दहीही असते. उणीव राहते ती एका साध्या प्रश्नाच्या उत्तराची. ‘यापूर्वी कोणते काम केले ते सांगा,’ असे समोरची मंडळी म्हणतात. आणि ज्याने भिलाईच्या पोलाद कारखान्यात किंवा उरला-सिलतराच्या एखाद्या रोलिंग मिलमध्ये खरोखरच रात्री जागून काढलेल्या असतात, तोच नेमका अडखळतो. तेच काम दुरून पाहिलेला दुसरा फर्डे बोलतो आणि निवडला जातो. पालकांची ही तक्रार खोटी नाही. परंतु ती पुरती खरीही नाही.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या आयुष्यातील दोन मुलाखती या संदर्भात आठवाव्यात. ‘अग्निपंख’ या मराठी अनुवादामुळे त्या अनेकांच्या वाचनात आल्या असतील. पहिली डेहराडूनची, हवाई दलाच्या निवडीची. जागा आठ होत्या, उमेदवार पंचवीस; कलामांचा क्रमांक नववा लागला. तेथे ज्ञानापेक्षा व्यक्तिमत्त्वाच्या रुबाबाकडे अधिक पाहिले जात होते, असे त्यांना जाणवले. दुसरी मुलाखत मुंबईची, अग्निबाण अभियंत्याच्या पदासाठी. या दोहोंच्या मध्ये बंगळूरू येथे त्यांनी केलेले एक काम होते.

ते काम म्हणजे ‘नंदी’ हे हॉवरक्राफ्ट. हवेच्या सुमारे ४० मिलिमीटर जाडीच्या गादीवर तरंगत जाणारे हे यान कलामांनी आपल्या लहानशा तुकडीसह तयार केले. तत्कालीन संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांचा त्याला भक्कम पाठिंबा होता आणि ते स्वतः त्यात बसलेही. १९६२ साली मेनन पदावरून गेले, पुढे शासनाचा उत्साह ओसरला आणि प्रकल्प गुंडाळला गेला. म्हणजे व्यवहाराच्या भाषेत तो फसलेला प्रकल्प. पण यान मात्र चालू स्थितीत होते. एके दिवशी एक दाढीधारी पाहुणे ते पाहावयास आले, त्यांनी प्रश्न विचारले आणि आपणांस बसवून न्याल का, असे विचारले. दहा मिनिटांची ती फेरी झाली. पाहुणे होते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रा. एम. जी. के. मेनन. आठवड्याभरात कलामांना मुंबईहून मुलाखतीचे बोलावणे आले. समोर डॉ. विक्रम साराभाई होते, मेननही होते. साराभाईंचे प्रश्न पाठ केलेले ज्ञान तपासणारे नव्हते. या माणसाच्या हातून पुढे काय घडू शकेल, याचा ते शोध घेत होते. दुसऱ्याच दिवशी सायंकाळी निवड कळली.

प्रत्येकाच्या नशिबी असा पाहुणा येत नाही. इतरांना ती दहा मिनिटांची फेरी शब्दांतूनच घडवावी लागते, आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची अडचण येथे सुरू होते. त्याच्यावरील संस्कार ‘मी’ला बिचकतात. ‘काम झाले’, ‘यंत्र बसविण्यात आले’, फार तर ‘आम्ही केले’; त्यात भर पडते ती या प्रदेशातल्या हिंदी ‘हमने’ची. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे कर्मणी प्रयोगाचे उदाहरण शाळेत सर्वांचे पाठ झालेले असते. तेथे क्रियापद आंब्याच्या मागे जाते खरे. तरीही राम वाक्यात असतोच. ‘आंबा खाल्ला गेला’ म्हटले की तो नाहीसा होतो. मुलाखतीत बहुतेक मुले रामाला अशीच घालवून बसतात, आणि त्यालाच विनय समजतात.

समजा, एका मिलच्या गिअरबॉक्सचे बेअरिंग वरचेवर जळत होते. ‘आम्ही बिघाड कमी केला’ या उत्तरातून काहीच कळत नाही. वंगणावर पहिला संशय कोणी घेतला, तो चुकीचा कसा ठरला, मिल बंद ठेवण्यास वरिष्ठ का तयार नव्हते, शाफ्ट सरळ रेषेत नसल्याचे कोणत्या फिटरने दाखवून दिले आणि त्यानंतर उमेदवाराने स्वतः कोणते माप घेतले, हे ऐकताना समोरची माणसे पुढे सरकून बसतात. फिटरचे श्रेय फिटरला दिल्याने अभियंता लहान होत नाही. उलट उरलेला ‘मी’ अधिक विश्वसनीय वाटतो. चुकलेला अंदाज लपविणाऱ्याला तर दुसऱ्याच प्रश्नाला घाम फुटतो, कारण न घडलेल्या गोष्टीचे बारकावे कोणाजवळच नसतात. अर्थात जुन्या कंपनीचे नकाशे आणि आकडे पुराव्यादाखल मोबाइलमध्ये नेऊन दाखविणे हा निव्वळ अविचार होय. जो मागच्या मालकाचे उघडे करतो, तो उद्या येथलेही करील, हे मुलाखत घेणाऱ्याला कळते.

भाषेची भीतीही पालकांना वाटते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीसाठी मराठी निवडता येते. खासगी कंपन्यांत मात्र बहुधा इंग्रजीवाचून चालत नाही. तरी इंग्रजीत अडखळणाऱ्या कित्येकांना तीच हकिगत मराठीतही सांगता येत नाही, कारण ती त्यांनी कधी कोणाला सांगितलेलीच नसते. मुलाखतीच्या आदल्या रविवारी ती घरी आजीला सांगून पाहावी. गिअरबॉक्स म्हणजे काय, हे ती विचारीलच. जात्याच्या खुंट्यापासून समजावत जावे लागेल. सगळे ऐकून झाल्यावर तिचा पुढचा प्रश्न येईल, ‘बरं, मग यात तू काय केलंस रे?’